निदानाचं बिल

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला की बहुतेक लोक एकच प्रश्न विचारतात: हा विझणार कसा? तो लागला का, हा प्रश्न गॅरेजवाल्याचा मानला जातो. आणि गॅरेजवाला हल्ली तो यंत्राकडे ढकलतो. स्टिअरिंगच्या खालच्या खोबणीत स्कॅनर लावायचा, पडद्यावर क्रमांक उमटतो, क्रमांकापुढे एखाद्या पार्टचं नाव असतं, तो पार्ट बदलायचा. दिवा विझतो. पुन्हा लागला तर पुन्हा स्कॅनर.

आमच्या गाडीने गेल्या जानेवारीत असे दोन क्रमांक दाखवले. पी ०१७१ आणि पी ०१३३. पहिल्याचा अर्थ मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. दुसऱ्याचा अर्थ पुढचा ऑक्सिजन सेन्सर मंदावलाय. गाडी २०१४ची, पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक. बालीगंज फाडी ते गडियाहाट, फार तर बायपासवरचं हॉस्पिटल, एवढंच तिचं जग. दर गुरुवारी सासूबाई तिच्यातून छातीच्या डॉक्टरांकडे जातात. त्यांना सीओपीडी आहे, आणि टॅक्सीत चढणं-उतरणं आता त्यांना झेपत नाही.

सर्व्हिस सेंटरने अंदाजपत्रक दिलं: दोन्ही ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, मजुरीसकट ४१,००० रुपये. वर सल्ला असा, की एवढा खर्च करण्यापेक्षा मॅडम, गाडी एक्स्चेंजमध्ये घालून टाका. कन्व्हर्टर कशावरून गेला असं विचारलं, तर समोरचा मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला की सेन्सर गेला की सहसा तोही गेलेलाच असतो. या ‘सहसा’ची किंमत सत्तावीस हजार होती.

मी कागद घेऊन घरी आले आणि दुसऱ्या दिवशी बालीगंज स्टेशनजवळच्या गल्लीत गेले, रेल्वेच्या भिंतीला लागून असलेल्या एका गॅरेजमध्ये. तिथला मिस्तिरी साठीच्या पुढचा. त्याने उमेदवारी पिवळ्या अँबॅसडर टॅक्स्यांवर केलेली. मी त्याला मिस्तिरीदा म्हणते, तो मला बौदी.

त्याने काय केलं ते सांगायचं तर आधी हा सेन्सर काय चीज आहे ते सांगायला हवं.

सायलेन्सरच्या नळीत, इंजिनाच्या अगदी जवळ, स्पार्क प्लगसारखा दिसणारा एक तुकडा पिळून बसवलेला असतो. त्याच्या टोकाशी झिर्कोनियाची, म्हणजे एका प्रकारच्या चिनी मातीची म्हणा, छोटी टोपी असते. शिवताना बोटात घालतात तेवढी. तिच्या बाहेरून जळालेला वायू वाहतो, आत बाहेरची साधी हवा असते. झिर्कोनिया तापलं, तीनशे अंशांच्या वर गेलं, की त्यातून ऑक्सिजनचे आयन सरकू लागतात, आणि दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमध्ये जितका फरक तितका विजेचा दाब तयार होतो. हा हिशेब जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर नेर्न्स्ट याने १८८९मध्ये मांडला, मोटारगाडी पाळण्यात होती तेव्हा. पुढे त्यानेच झिर्कोनियाचा दिवा बनवला. गाडीत हा सेन्सर आला तो १९७६ साली, बॉशने बनवलेला, व्होल्वोच्या अमेरिकेत विकायच्या गाड्यांमध्ये, कारण कॅलिफोर्नियाने धुराचे नियम कडक केले होते.

म्हणजे हा सेन्सर ऑक्सिजन ‘मोजत’ नाही. तो तुलना करतो. आमच्या गाडीतला सेन्सर नळीतल्या वायूची तुलना बालीगंजच्या हवेशी करत असतो. ही हवा जानेवारीत कशी असते ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. सकाळी धुकं कुठे संपलं आणि धूर कुठे सुरू झाला हे कळत नाही. तरी तिच्यातला ऑक्सिजन एकवीस टक्क्यांच्या आसपासच असतो, त्यामुळे सेन्सरला ती चालते. सासूबाईंना चालत नाही.

पेट्रोलच्या एका भागाला वजनाने हवेचे १४.७ भाग मिळाले तर ज्वलन पुरतं होतं, ना हवा उरते ना पेट्रोल. मिश्रण त्याहून घट्ट झालं की नळीत ऑक्सिजन उरत नाही आणि सेन्सर सुमारे ०.९ व्होल्ट दाखवतो. पातळ झालं की ऑक्सिजन उरतो आणि आकडा ०.१वर येतो. गाडीचा कॉम्प्युटर हा आकडा बघून पेट्रोल किंचित वाढवतो, किंचित कमी करतो, आणि हा झोका सतत चालू असतो. निरोगी सेन्सरचा आलेख शिवणयंत्राच्या टाक्यासारखा खाली-वर, खाली-वर पळतो. कन्व्हर्टरला नीट काम करायला हा झोकाच लागतो. कन्व्हर्टरच्या पुढे दुसरा सेन्सर असतो. तो फक्त कन्व्हर्टर काम करतोय की नाही यावर लक्ष ठेवतो.

मिस्तिरीदाने स्कॅनर लावला. स्वस्तातला, मोबाइलला जोडायचा. क्रमांक वाचले, मान हलवली आणि फोन बॉनेटच्या कडेला ठेवून पाना घेतला. एक प्लग काढला. मला म्हणाला, “बौदी, रंग बघा.”

प्लगचं टोक काळं होतं. काजळी धरलेलं.

कार्ब्युरेटरच्या काळात, जेव्हा सेन्सर नव्हते, तेव्हा मिस्त्री मिश्रण प्लगच्या रंगावरून ओळखायचे. दूध घातलेल्या कॉफीचा रंग असेल तर ठीक. पांढरट असेल तर पातळ, काळा असेल तर घट्ट. टॅक्सीवाल्यांच्या अँबॅसडर तो असंच बघून लावायचा, कानाने आणि डोळ्यांनी. आता इथे सेन्सर म्हणत होता मिश्रण पातळ आहे, आणि प्लग सांगत होता की घट्ट आहे. गाडीचं अ‍ॅव्हरेजही पडलं होतं, तेही घट्टच्याच बाजूने बोलत होतं. दोघांपैकी एक खोटा, असं मी म्हटलं.

“ना बौदी,” तो म्हणाला, “दुजोनेई शोत्ति बोलछे.” दोघंही खरंच बोलतायत.

मला तेव्हा ते कोडं वाटलं. त्याने सोडवून दाखवलं ते असं. सेन्सरच्या आधी, इंजिन आणि नळी यांच्या सांध्यात कुठे फट असेल, तर तिथून धूर बाहेर पडतो, तशीच दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणात बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ती हवा दिसते. त्याला काय माहीत ती कुठून आली? तो प्रामाणिकपणे सांगतो, इथे ऑक्सिजन जास्त आहे. कॉम्प्युटर त्यावरून समजतो की मिश्रण पातळ झालं, आणि पेट्रोल वाढवतो. तरी हवा येतच राहते. तो आणखी वाढवतो. शेवटी आत प्लग काळे पडतात आणि बाहेर यंत्र म्हणतं ‘पातळ’. फोनवर त्याने दाखवलं: गाडी उभी असताना कॉम्प्युटर ठरलेल्या मापापेक्षा जवळजवळ २५ टक्के जास्त पेट्रोल ओतत होता. अ‍ॅक्सिलरेटर दाबून २,५०० फेऱ्यांवर नेलं की हे जास्तीचं प्रमाण ९वर यायचं. वेग वाढला की धुराचा लोट मोठा होतो आणि फटीतून येणाऱ्या हवेचा हिस्सा कमी होतो, म्हणून.

इंजिनात हवा घेणाऱ्या बाजूला गळती असली तरी आकडे असेच वागतात. म्हणून त्याने त्या बाजूच्या सगळ्या नळ्यांवर कार्ब क्लीनरचा फवारा मारला. गळती असती तर तो फवारा आत ओढला जाऊन इंजिनाचा आवाज बदलला असता. बदलला नाही.

मग त्याने मला विचारलं, “मागे कोण बसतं?”

मी म्हटलं, माझ्या सासूबाई.

“माशिमांचं डोकं दुखतं का गाडीत?”

दुखत होतं. डिसेंबरपासून त्या म्हणत होत्या, “गाडीत बसलं की डोकं धरतं गं, घरी आलं की उतरतं.” डॉक्टरांनी डोळे तपासून घ्यायला सांगितलं होतं, चष्म्याचा नंबर बदलून झाला होता. थंडीत त्यांना वारा सोसत नाही म्हणून काचा बंद आणि ब्लोअर चालू. आमच्या गाडीत धुराची नळी इंजिनाच्या मागच्या अंगाला आहे, समोरच्या काचेच्या खाली. आणि ब्लोअर हवा घेतो ती तिथूनच, काचेच्या पायथ्याच्या जाळीतून. मिश्रण घट्ट, म्हणजे धुरात कार्बन मोनॉक्साइड जास्त. त्याला ना रंग ना वास. ज्या फुप्फुसांना मुळातच प्राणवायू ओढून घ्यावा लागतो, त्यांच्यासमोर आम्ही दर गुरुवारी तो जाता-येता ठेवत होतो.

४१,००० रुपयांच्या त्या कागदावर हे कुठेच नव्हतं. दोन्ही सेन्सर बदलले असते, कन्व्हर्टर बदलला असता, तरी ती फट तशीच राहिली असती. ब्लोअर चालूच राहिला असता.

फट शोधायला त्याने माझ्या घरचा व्हॅक्यूम क्लीनर मागवला. मी थक्क झाले. पण पद्धत साधी आहे. क्लीनरची नळी उलट्या तोंडाला लावायची, म्हणजे तो ओढण्याऐवजी फुंकतो. ती सायलेन्सरच्या टोकात कोंबायची, भोवती फडकं आवळायचं. इंजिन बंद आणि गार. मग वर, जिथे नळी इंजिनाला जोडलेली असते तिथे, साबणाचं पाणी शिंपडायचं. सायकलचं पंक्चर काढताना ट्यूब पाण्यात बुडवतात ना, तेच. तिसऱ्या सिलिंडरपाशी बुडबुडे आले. मॅनिफोल्डचं गास्केट तिथे जळून काळं पडलं होतं, आणि शेजारचा एक नट जागेवर नव्हताच.

गास्केट ४५० रुपयांचं. बसवायला सबंध दिवस गेला, कारण गंजलेले बोल्ट एकेक करून, तेल सोडून, थांबून, काढावे लागले. त्याच्याकडचा पोरगा मध्येच म्हणाला की आता सेन्सरही काढून बघूया. मिस्तिरीदाने त्याला गप्प बसवलं. फट बुजवण्याआधी सेन्सरची परीक्षा घेण्यात अर्थ नाही, म्हणाला. खोलीत गोंगाट चालू असताना कोणी बहिरा आहे का ते कसं कळणार?

दुसऱ्या दिवशी पातळ मिश्रणाचा क्रमांक गेला. जास्तीचं पेट्रोल तीन-चार टक्क्यांवर आलं. मी पैसे द्यायला निघाले, तर तो म्हणाला, आठ दिवस चालवा आणि या. मला वाटलं काम झालं. त्याला तसं वाटत नव्हतं. सहाव्या दिवशी दिवा पुन्हा लागला. या वेळी एकच क्रमांक, पी ०१३३.

आता सेन्सरची पाळी. आधी मल्टिमीटर लावून त्याच्या हीटरचा रोध बघितला. सेन्सर लवकर तापावा म्हणून आत छोटी शेगडी असते, ती जळाली तर सेन्सर थंड राहून आळसावतो. शेगडी ठीक होती. तारा हलवून बघितल्या, सॉकेटमधला गंज बघितला. मग इंजिन तापवून, २,५०० फेऱ्यांवर धरून, फोनवर आलेख. धडधाकट सेन्सर दहा सेकंदांत आठ-दहा वेळा तरी खाली-वर होतो. आमचा चार वेळा झाला, तोही सावकाश, चढण चढताना धाप लागलेल्या माणसासारखा. त्याने हवेच्या नळीत जरासा फवारा सोडला: मिश्रण घट्ट झालं, आकडा वर जायला हवा होता, तो रेंगाळत गेला. एक छोटी नळी उपसली: मिश्रण पातळ झालं, आकडा पडायला हवा होता, तोही रेंगाळत पडला. दोन्ही बाजूंनी ढकलून बघितलं, दोन्हीकडे मंद.

मागच्या सेन्सरचा आकडा मात्र ०.७च्या आसपास शांत बसला होता. म्हणजे कन्व्हर्टर आपलं काम करत होता. तो गेला असता तर मागचा सेन्सरही पुढच्याची नक्कल करत नाचला असता.

पुढचा सेन्सर काढला. टोकावर पांढरी पूड, राखेसारखी. मिस्तिरीदाने ती अंगठ्याने पुसून बघितली, मग वाकून इंजिनाच्या वरच्या झाकणाकडे बोट दाखवलं. झाकणाच्या कडेने लाल लोंबणारं सिलिकॉन. आदल्या वर्षी तेल झिरपतं म्हणून दुसऱ्या एका गॅरेजमध्ये दाखवलं होतं. तिथे गास्केट बदलण्याऐवजी ट्यूबभर सिलिकॉन पिळून दिलं होतं. त्याची वाफ इंजिनात ओढली जाते, जळते, आणि तिची वाळू होऊन सेन्सरच्या बारीक छिद्रांवर बसते. सेन्सरला असं गुदमरवणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. पूर्वी सगळ्यांत मोठं कारण होतं पेट्रोलमधलं शिसं. म्हणून १९९५ साली चार महानगरांत कन्व्हर्टरवाल्या नव्या गाड्या आल्या तेव्हा त्यांच्यासाठी शिसेविरहित पेट्रोलचे वेगळे पंप ठेवावे लागले, आणि देशभर शिसं बंद झालं ते २०००मध्ये.

तेव्हा सर्व्हिस सेंटरचा तो मुलगा एका बाबतीत बरोबर होता. पुढचा सेन्सर खरंच गेला होता. हे मला नंतर बरेच दिवस खटकत राहिलं. आमच्या शाळेत गणिताच्या बाई नुसत्या उत्तराला मार्क देत नसत. रीत लिहिली नसेल तर उत्तर बरोबर असूनही शून्य. तेव्हा तो जाच वाटायचा. त्या मुलाचं तीनपैकी एक उत्तर बरोबर आलं, आणि ते बरोबर आहे हे त्याला कळायला काही मार्गच नव्हता. तो वाईट नव्हता. त्याचा पगार विकलेल्या पार्ट्सच्या आकड्यांवर ठरतो. एखादा पार्ट चांगला आहे हे शोधून काढल्याबद्दल त्याला कोणी काही देत नाही. उलट तेवढ्या वेळात रांगेत चार गाड्या वाढतात.

अर्थात तिसराही रस्ता होता आणि तो मला दोघातिघांनी सुचवला. मागच्या सेन्सरखाली एक छोटी नळकांडी बसवायची, पुढच्याच्या तारेत एक रोध जोडायचा, की दिवा विझला. किंवा मल्लिकबाजारातून कुठल्यातरी मोडीतल्या गाडीचा सेन्सर आणायचा. मल्लिकबाजार म्हणजे कोलकात्यातला जुन्या गाड्यांच्या अवयवांचा बाजार. दरवाजा, दिवा, गिअरबॉक्स, काय हवं ते मिळतं आणि मी त्याच्या प्रेमात आहे. पण सेन्सर ही तिथून घ्यायची वस्तू नाही, त्याचं आयुष्य किती उरलंय ते डोळ्यांना दिसत नाही. नळकांडीचा प्रस्ताव मांडणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांनी वर असंही म्हटलं, की एका गाडीने या शहराच्या हवेत काय फरक पडणार. ज्या शहरात २००८मध्ये उच्च न्यायालयाला पंधरा वर्षांवरची व्यावसायिक वाहनं रस्त्यावरून काढायचा आदेश द्यावा लागला, तिथे हा युक्तिवाद प्रत्येक गाडीच्या मालकाने केलेला असणार.

मी पुण्याची. लहानपणी आम्ही संध्याकाळी ज्या टेकडीवर फिरायला जायचो तिला सगळे एआरएआयची टेकडी म्हणत. तिथल्या आवारात गाड्यांच्या इंजिनांच्या चाचण्या होतात, धुराचे नियम तपासले जातात, हे मला खूप नंतर कळलं. तेव्हा एवढंच ठाऊक होतं की कुंपणाच्या आतून कधीकधी एका लयीत बराच वेळ घरघर ऐकू येते आणि कुत्री त्या बाजूला जात नाहीत. भारत स्टेज चार हे नियम कोलकात्यात एप्रिल २०१०पासून लागू झाले. आमच्या गाडीला तेच लागतात. इथे पीयूसी काढण्याला ‘पोल्यूशन’ करून घेणं म्हणतात. या गाड्यांसाठी गाडी उभी असताना कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आत लागतो, आणि फेऱ्या वाढवून लॅम्ब्डा ०.९७ ते १.०३च्या मध्ये. नवा सेन्सर बसवल्यावर पेट्रोल पंपावरच्या टपरीत नळी घातली तेव्हा आमचा कार्बन मोनॉक्साइड ०.०६ आला, लॅम्ब्डा १.००. टपरीतल्या पोराने दोनदा बघितलं.

हिशेब करायला मी मिस्तिरीदाकडे गेले. त्याने वहीत ओढलेल्या रेघांवर लिहिलं: गास्केट ४५०, नट-बोल्ट १२०, सेन्सर ५,२००, झाकणाचं गास्केट ३८०, मजुरी १,८००. मी विचारलं, आणि तपासायचं? तीन सकाळी गेल्या त्याच्या. त्या काळात बाहेर दोन गाड्या थांबून निघून गेल्या होत्या, मी बघितल्या होत्या. तो म्हणाला, बघण्याचे कसले पैसे, बौदी. मी म्हटलं, डॉक्टर घेतात. गुरुवारी सासूबाईंचे डॉक्टर सात मिनिटं बघतात आणि बाराशे घेतात, आणि ते आम्ही आनंदाने देतो.

त्याला ते पटलं नाही. त्याचं म्हणणं असं, की गिऱ्हाईक हातात दिसणाऱ्या वस्तूचे पैसे देतं. जुना पार्ट हातात ठेवला, नव्याचं खोकं दाखवलं, की ते खूश. “सेन्सर चांगला आहे, बदलू नका” असं सांगून पाचशे रुपये मागितले तर पुढच्या वेळी ते गिऱ्हाईक येत नाही. त्याने हे करून बघितलंय. त्यामुळे त्याच्याकडे शिकणारी पोरंही आता थांबत नाहीत. तीन महिन्यांत स्कॅनर लावायला शिकतात आणि मोठ्या वर्कशॉपमध्ये जातात, तिथे गणवेश असतो, एसी असतो, बघत बसावं लागत नाही.

बरीच घासाघीस झाली. सहसा गिऱ्हाईक कमी करायला घासाघीस करतं, मी वाढवायला करत होते, आणि शेजारचा चहावाला मजा बघत होता. शेवटी त्याने मजुरीच्या खाली आणखी एक ओळ लिहिली. बंगालीत ‘देखा’, आणि पुढे ३००. तेराशे तरी लिहा, मी म्हटलं. त्याने ३००च्या खाली रेघ मारून बेरीज केली आणि वही बंद केली.

जुना सेन्सर त्याने मागून घेतला. गॅरेजच्या भिंतीवर एका खिळ्याला तारेने टांगलाय. नवं पोरगं आलं की तो आधी काढून हातात देतो आणि विचारतो, सांग बघू, हे पांढरं काय आहे?